अनुभव धागा : खाते अडकले, आता परत आत कसे जायचे?

पासवर्ड कसा असावा याविषयीच्या सल्ल्यांना तोटा नाही. त्या मानाने खाते अडकल्यावर माणूस परत आत कसा येतो, नेमका कोठे अडतो आणि ते टाळता आले असते का, याविषयी फारसे लिहिले जात नाही. माझे मत असे की खात्याची सुरक्षितता पासवर्डच्या ताकदीपेक्षा ‘पासवर्ड विसरलात?’ या दुव्यामागे काय मांडून ठेवले आहे त्यावर अधिक ठरते, कारण खात्याचा मालक आणि चोर दोघेही शेवटी तेथेच येऊन पोहोचतात. आपले किंवा जवळच्या माणसांचे अनुभव तपशिलासह लिहावेत, ही विनंती. कंपन्यांची नावे नकोत, आणि खरे पासवर्ड तर उदाहरणादाखलही नकोत.

संगणक विभागात मदतकक्ष सांभाळणारे सदस्य

पासवर्ड विसरल्याच्या तक्रारी आमच्याकडे रोज येतात आणि त्या चटकन सुटतातही. घाम फोडतात ती बरोबर पासवर्ड माहीत असूनही लॉक होणारी खाती. एका सहकारी बाईंनी नियमाप्रमाणे पासवर्ड बदलला आणि तेव्हापासून त्यांचे खाते वारंवार लॉक होऊ लागले. आम्ही ते उघडून द्यावे, त्यांनी कामाला लागावे आणि थोड्या वेळाने पुन्हा तोच लाल संदेश दिसावा, असे चालले होते. कोणीतरी मुद्दाम आपला पासवर्ड शोधत आहे, अशी त्यांची खात्रीच पटली होती. सर्व्हरवरील नोंदी काढल्या तेव्हा चुकीचे प्रयत्न अगदी ठरावीक अंतराने, मध्यरात्री आणि सुटीच्या दिवशीही, होत असल्याचे दिसले. माणूस इतक्या शिस्तीने चुकत नाही. नोंदीतील उपकरणाचे नाव त्यांच्या घरच्या जुन्या टॅब्लेटचे निघाले. तो मुलांना खेळायला दिलेला होता आणि त्यातल्या मेल अ‍ॅपमध्ये जुना पासवर्ड तसाच राहिला होता. ते अ‍ॅप इमानेइतबारे दर काही मिनिटांनी नवी मेल आली का ते विचारत होते आणि चुकांची मर्यादा संपली की खाते बंद पडत होते.

मर्यादेचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. तीन चुका झाल्या की खाते बंद, हा नियम कडक दिसतो खरा, पण ज्याला तुमचे केवळ लॉगिन-नाव ठाऊक आहे असा कोणीही तीनदा मुद्दाम चुकून तुमचे काम थांबवू शकतो. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत सलग चुकांची कमाल मर्यादा १०० ठेवली असून, प्रत्येक चुकीनंतर थांबण्याचा वेळ वाढवत नेण्याचा उपाय सुचवला आहे. शंभर अंदाजांत सापडेल असा पासवर्ड मुळात स्वीकारायचाच नाही, हे त्यात गृहीत आहे, आणि म्हणूनच फुटलेल्या पासवर्डांच्या यादीशी नवा पासवर्ड ताडून पाहावा, असेही तीच मार्गदर्शिका सांगते.

एक अनुवादक

माझा अनुभव छोटा आहे. एका सेवेच्या नोंदणीच्या पानाने पासवर्ड मॅनेजरने (पासवर्ड तयार करून साठवून ठेवणाऱ्या प्रणालीने) तयार केलेला लांबलचक पासवर्ड विनातक्रार स्वीकारला, मात्र साठवताना शेवटची अक्षरे गुपचूप कापून टाकली. लॉगिनचे पान काहीच कापत नव्हते, त्यामुळे दोन्ही कधीच जुळेनात. नवा पासवर्ड ठेवला तरी तेच. अखेर अंदाजाने शेवटून एकेक अक्षर काढत गेले आणि सोळा अक्षरे उरली तेव्हा दार उघडले. लांबीची मर्यादा असू शकते, पण ती न सांगता लादणे मला अक्षम्य वाटते.

शाळेतील शिक्षिका

सुरक्षा-प्रश्न या प्रकाराबद्दल मला लिहायचे आहे. माझ्या मामांना कोणीतरी सल्ला दिला होता की आईचे माहेरचे नाव किंवा पहिली शाळा यांची खरी उत्तरे नातेवाइकांनाही ठाऊक असतात, तेव्हा खोटी उत्तरे द्यावीत. मामांनी ती दिली. काही वर्षांनी वेळ आली तेव्हा त्यांना आपल्या पहिल्या शाळेचे खरे नाव लख्ख आठवत होते आणि खोटे मात्र काही केल्या आठवेना. ते एकटे नाहीत. गुगलच्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्रजी बोलणाऱ्या अमेरिकी वापरकर्त्यांपैकी ४० टक्क्यांना गरजेच्या वेळी स्वतःचीच उत्तरे आठवली नव्हती, तर इंग्रजी भाषकांच्या ‘आवडता पदार्थ’ या प्रश्नाचे उत्तर अनोळखी माणसाला पहिल्याच अंदाजात सापडण्याची शक्यता १९.७ टक्के होती. म्हणजे मालकाला न आठवणारी आणि परक्याला सुचणारी अशी ही उत्तरे आहेत. २००८ मध्ये अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांचे ईमेल खाते एका विद्यार्थ्याने असेच उघडले होते. जन्मतारीख, पिनकोड आणि पती प्रथम कोठे भेटले, एवढीच विचारणा होती आणि ती माहिती सार्वजनिक होती. मामांकडून आता मी उत्तरेसुद्धा पासवर्डसारखीच निरर्थक ठेवून घेतली आहेत आणि ती पासवर्ड मॅनेजरमध्ये नोंदवली आहेत.

धागाकर्ता

वरील दोन्ही अनुभवांत पासवर्ड मॅनेजरचा उल्लेख आला आहे. त्याचा मुख्य पासवर्ड विसरल्यास बहुतेक सेवा तो परत देऊ शकत नाहीत, कारण तो त्यांच्याकडे नसतोच. तेव्हा त्याचे काय केले आहे, हेही कृपया लिहावे.

स्वतंत्र व्यवसाय करणारे लेखापाल

मुख्य पासवर्ड कागदावर लिहून, पाकीट चिकटवून, घरच्या कागदपत्रांच्या पेटीत ठेवला आहे. कागदावर पासवर्ड लिहू नये हा नियम कार्यालयातल्या पडद्याला चिकटवलेल्या चिठ्ठ्यांसाठी ठीक आहे. दूरच्या देशातला चोर माझ्या पेटीपर्यंत पोहोचत नाही.

मात्र माझ्या एका अशिलाची गोष्ट अधिक उपयोगाची आहे. त्यांच्या पहिल्या ईमेलचा रिकव्हरी पत्ता (खाते अडकल्यास परत मिळवण्यासाठी दिलेला पत्ता) म्हणून दुसरे ईमेल दिलेले होते आणि दुसऱ्याचा रिकव्हरी पत्ता म्हणून पहिले. दोन्ही खात्यांना एकच मोबाइल क्रमांक जोडलेला होता, जो वापरात नसल्याने बंद झाला आणि पुढे दूरसंचार कंपनीने दुसऱ्याच माणसाला दिला. फोन हरवला त्या दिवशी ऑथेंटिकेटर अ‍ॅपही गेले, कारण त्यातील लॉगिनसाठी लागणारे, दर ३० सेकंदांनी बदलणारे आकडे ज्या गुप्त किल्लीवरून तयार होतात ती त्याच फोनमध्ये होती. बॅकअप कोड (फोन हाताशी नसताना आत जाण्यासाठी आधीच घेऊन ठेवायचे कोड) मात्र त्यांनी नीट जपून ठेवले होते, पण पहिल्या ईमेलच्या ड्राफ्टमध्ये. प्रत्येक पान त्यांना दुसऱ्या पानाकडे पाठवत होते आणि ओटीपी एका अनोळखी माणसाच्या फोनवर जात होता. त्या अनोळखी माणसाने मनात आणले असते तर तो आत जाऊ शकला असता, मालक मात्र बाहेर राहिला, हे मला सर्वांत भयंकर वाटले.

एक वाचक, प्रथमच लिहीत आहे

माझे वडील गेल्यानंतर त्यांच्या फोनचा पिन आम्हाला ठाऊक होता, म्हणून सारे काही हाताशी आहे असे आम्ही समजत होतो. प्रत्यक्षात त्यांच्या ईमेलमध्ये विम्याचे कागद, आईच्या नावे ठेवलेल्या ठेवींच्या पावत्या आणि चाळीस वर्षांचे स्कॅन केलेले फोटो होते, आणि नव्या फोनवर लॉगिन करताना पासवर्ड लागत होता. संबंधित कंपनीने मृत्यूचा दाखला मागितला, तो दिल्यावर खाते बंद करण्याची तयारी दाखवली, पण आतला मजकूर देण्यास मात्र नकार दिला. त्यांची बाजू मला समजते; वारस असल्याचा दावा कोणीही करू शकतो. तरीही अण्णांनी जिवंतपणी दोन मिनिटे काढली असती तर आईची ती धावाधाव वाचली असती. गुगलने २०१३ पासून अशी सोय ठेवली आहे की खाते ठरावीक काळ वापरले गेले नाही तर तुम्ही आधी नेमलेल्या व्यक्तीला त्यातील निवडक माहिती मिळते, आणि अ‍ॅपलने २०२१ च्या अखेरीस वारसदार नेमण्याची सोय दिली. आईच्या खात्यावर हे मी तिच्याच हाताने करून घेतले. तिने विचारले, “तुझे केलेस का?” मग माझेही केले.

मुद्रितशोधक

डाइसवेअर नावाची १९९५ मधील एक जुनी पद्धत मला आवडते. पाच फासे टाकायचे, येणाऱ्या आकड्यांवरून ७,७७६ शब्दांच्या यादीतला एक शब्द घ्यायचा आणि असे पाच-सहा असंबद्ध शब्द जोडून पासवर्ड करायचा. मी ते मराठीत, देवनागरीत केले. संगणकावर तो चालला, फोनवर चालेना. कारण सापडले ‘दऱ्या’ या शब्दात. माझा संगणक अर्धा र टंकताना ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह वापरतो, तर फोनवरचा कळफलक साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालतो. पडद्यावर दोन्ही रूपे हुबेहूब सारखी दिसतात, एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एक करण्याची युनिकोड या लिपी-संकेतातील सोयही त्यांना एक करत नाही, आणि पासवर्डच्या चौकटीत तर फक्त ठिपकेच दिसतात. आता शब्द मराठीच ठेवतो, पण ते रोमन लिपीत लिहितो. व्यवसायाने दर ऱ्हस्व-दीर्घावर नजर ठेवणाऱ्या माणसाला हे फार लागले.

एका मोठ्या कार्यालयातील कर्मचारी

आमच्याकडे दर ९० दिवसांनी पासवर्ड बदलावा लागत असे. परिणामी निम्म्या विभागाचा पासवर्ड म्हणजे महिन्याचे नाव, वर्ष आणि शेवटी उद्गारचिन्ह असा होता, आणि सर्व नियमांत तो बसत होता. ज्या २००३ च्या दस्तऐवजातून हे नियम जगभर पसरले त्याचे लेखक बिल बर यांनी २०१७ मध्ये त्याबद्दल खेद व्यक्त केला आणि निस्टनेही कारण नसताना सक्तीने बदल करायला लावू नये असे सांगितले. आमच्या कार्यालयापर्यंत ही बातमी पोहोचायला बराच काळ गेला.

धागाकर्ता

हे अनुभव वाचून आम्ही घरच्यांनी एक सराव करून पाहिला. जुन्या फोनवर लॉगिन चालू ठेवायचे आणि दुसऱ्या संगणकावर, ब्राउझरच्या खासगी खिडकीत (जिथे आधीचे लॉगिन लागू होत नाही), पासवर्ड ठाऊक नाही असे समजून खाते परत मिळवायचे. नवा पासवर्ड ठेवण्याच्या पानापर्यंत पोहोचलो की थांबायचे. बायकोच्या ईमेलवरचा रिकव्हरी क्रमांक तिच्या पहिल्या नोकरीतला निघाला. मुलीचे खाते सहज परत मिळाले, पण तिच्या मैत्रिणीच्या ईमेलवर आलेल्या दुव्याने. माझ्या बॅकअप कोडपैकी काही पूर्वी वापरलेले होते आणि प्रत्येक कोड एकदाच चालतो, त्यामुळे नवा संच छापून घेतला. बायकोचा क्रमांक बदलला आहे. मुलीच्या मैत्रिणीशी बोलणे व्हायचे आहे.