मदत हवी आहे: सुईतून सोडता येणारे रेशीम-फायब्रॉइनचे जेल प्रत्येक बॅचला वेगळ्या वेळी का जमते?

नमस्कार.

मी नवी मुंबईतील एका महाविद्यालयात पीएच.डी. करत आहे. गुडघ्याच्या सांध्यात सुईने सोडता येईल, आत गेल्यावर काही मिनिटांत जमेल आणि डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक हळूहळू सोडत राहील, असे प्रथिनाचे हायड्रोजेल (पाणी धरून ठेवणारे जेल) तयार करणे हा माझा विषय आहे. नुसते जिलेटिन शरीराच्या तापमानाला वितळते आणि मेथाक्रिलेट जोडलेले जिलेटिन प्रकाशाने पक्के करायचे, तर सांध्याच्या आत प्रकाश पोहोचवायचा कसा हा प्रश्न उरतो. कोलॅजेन ३७ अंशांना आपोआप जमते, पण ते जेल फार लेचेपेचे असते. प्रथिनांच्या साखळ्या जोडणारे ग्लुटराल्डिहाइड पेशींना विषारी असल्यामुळे तो विचारच केला नाही. म्हणून रेशमातील फायब्रॉइन या मुख्य प्रथिनाकडे वळले.

तुतीच्या रेशमाचे कोष आम्ही जालन्याहून मागवतो. ते चिरून ०.०२ मोलर सोडियम कार्बोनेटच्या उकळत्या द्रावणात ३० मिनिटे ठेवते, सेरिसिन (तंतूंवरचे चिकट प्रथिन) निघून गेल्यावर तंतू धुऊन वाळवते, ९.३ मोलर लिथियम ब्रोमाइडमध्ये ६० अंशांना विरघळवते आणि पाणी बदलत दोन दिवस डायलिसिस करते (पडद्याच्या नळीतून लिथियम ब्रोमाइड काढून टाकते). त्यानंतर फायब्रॉइनच्या द्रावणाचे सोनिकेशन (ध्वनिलहरींचा मारा) केले की साखळ्यांची बीटा-पत्रके (घट्ट रचलेले थर) बनू लागतात आणि द्रावण जमते.

अडचण या जमण्याच्या वेळेची आहे. सोनिकेटरची सेटिंग तीच ठेवूनही एखादी बॅच सिरिंजमध्येच जमते, तर दुसरी कित्येक तास पातळ राहते. पावसाळ्यातल्या बॅचेस उन्हाळ्यातल्या बॅचेसपेक्षा हमखास उशिरा जमतात, हे वहीतल्या नोंदींवरून स्पष्ट दिसते, पण त्याचे कारण सापडत नाही. द्रावणाची संहती मी वाळलेल्या तंतूंच्या वजनावरून काढते. पूर्ण जमलेले जेल २५ गेजच्या सुईतून ढकलून पाहिले, तर ते रवाळ होऊन बाहेर येते आणि पुन्हा एकसंध होत नाही.

आमच्याकडे ऱ्हिओमीटर (जेल किती घट्ट झाले ते मोजणारे यंत्र) नाही. तो ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या एका प्रयोगशाळेत आहे आणि सोनिकेशन केलेला नमुना लोकलने तिथे पोहोचेपर्यंत जमून गेलेला असतो, त्यामुळे सध्या कुपी उलटी करून द्रावण वाहते की नाही एवढेच पाहते. औषध सुटण्याच्या चाचणीसाठी मोजायला सोपे म्हणून लायसोझाइम हे प्रथिन वापरले. ते बरेच दिवस सावकाश सुटत राहिले. यावरून डायक्लोफेनॅकही तसेच सुटेल असे धरावे का? आणि जमण्याची वेळ आटोक्यात आणण्यासाठी सोनिकेशनच सुधारावे की दुसरी पद्धत घ्यावी? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

पावसाळ्याचे कोडे बहुधा वजनकाट्यावरच सुटेल. रेशीम हवेतील ओलावा भरपूर शोषते. सुमारे ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत कोरड्या वजनाच्या ११ टक्क्यांच्या आसपास पाणी ते धरून ठेवते आणि आपल्याकडच्या जुलैत हे प्रमाण आणखी वाढते. म्हणजे तुम्ही एक ग्रॅम म्हणून घेतलेल्या तंतूंत प्रथिन बरेच कमी असते, द्रावण तुमच्या हिशेबापेक्षा पातळ होते आणि पातळ फायब्रॉइन उशिरा जमते. शिवाय डायलिसिसच्या नळीत पाणी शिरून आकारमान वाढते ते वेगळेच. म्हणून तंतूंच्या वजनावर विसंबू नका. डायलिसिस झाल्यावर ठरावीक आकारमानाचे द्रावण ओव्हनमध्ये पूर्ण वाळवा, उरलेला थर तोला आणि त्यावरून संहती काढून सगळ्या बॅचेस एकाच आकड्यावर आणा. सोडियम कार्बोनेटमधल्या ३० मिनिटांतही ढिलाई नको, कारण जास्त उकळले की साखळ्या तुटून रेणुभार कमी होतो आणि जमण्याचे सगळे गणित बदलते.

लायसोझाइमवरून डायक्लोफेनॅकचा अंदाज मात्र अजिबात बांधू नका. लायसोझाइम हे १४ किलोडाल्टनचे, उदासीन पीएचला ठळक धनभारित प्रथिन आहे आणि फायब्रॉइन त्या पीएचला ऋणभारित असते, त्यामुळे ते सावकाश सुटण्यात जाळीपेक्षा विद्युतभारांच्या आकर्षणाचा वाटा मोठा असू शकतो. डायक्लोफेनॅक लहान रेणू आहे आणि शरीराच्या पीएचला स्वतःच ऋणभारित असतो. तो पाणीदार जाळीतून भराभर निघून जाईल. त्याला आधी पीएलजीएच्या (शरीरात हळूहळू विघटन होणाऱ्या पॉलिमरच्या) सूक्ष्मगोलांत भरून ते गोल जेलमध्ये मिसळण्याचा विचार करावा, असे माझे मत आहे.

प्रतिसाद

वरील मुद्द्यांशी सहमत आहे. पद्धतीबद्दल विचाराल, तर मी सोनिकेशन सोडून पेरॉक्सिडेज एन्झाइमकडे जाईन. फायब्रॉइनमध्ये टायरोसिन हे अमिनो आम्ल पुरेसे असते. पेरॉक्सिडेज आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या साहाय्याने त्या टायरोसिनच्या जोड्या जुळतात आणि लवचिक जेल मिळते, ज्याची वेळ एन्झाइम व पेरॉक्साइडच्या प्रमाणावरून ठरवता येते. एका नळीत फायब्रॉइन आणि एन्झाइम, दुसऱ्या नळीत पेरॉक्साइड, अशी जोडनळीची सिरिंज घेतली की दोन्ही द्रावणे टोकाशीच एकत्र येतात. शस्त्रक्रियेत वापरला जाणारा फायब्रिनचा गोंदही फायब्रिनोजेन आणि थ्रॉम्बिन असेच वेगळे ठेवून वापरतात. यामुळे तुमची घोडबंदरची अडचणही मिटते. दोन्ही द्रावणे बर्फाच्या डब्यात घेऊन जा आणि ऱ्हिओमीटरच्या ३७ अंशांच्या तबकडीवरच मिसळा, म्हणजे जमण्याचा आलेख पहिल्या क्षणापासून मिळेल.

दोन सावधगिरीच्या गोष्टी आहेत. पेरॉक्साइड जास्त झाले तर पेशी मरतात आणि एन्झाइमही निकामी होते. दुसरे म्हणजे हेच एन्झाइम डायक्लोफेनॅकचेही ऑक्सिडीकरण करू शकते, त्यामुळे सूक्ष्मगोलांची सूचना इथे दुहेरी उपयोगाची ठरते. जेलमधून बाहेर आलेले औषध मूळ रूपातच आहे का, हे एचपीएलसीवर (मिश्रणातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) तपासल्याशिवाय सुटण्याचा कोणताही आलेख खरा मानू नका.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. जुन्या बॅचेसची उरलेली द्रावणे ४ अंशांना ठेवलेली आहेत. त्यांपैकी जी अजून जमलेली नाहीत, त्यांची खरी संहती या आठवड्यात वाळवून मोजते आणि आकडे इथे देते. एक शंका उरते: टायरोसिनच्या जोडणीने बनलेल्या जेलमध्येही काही आठवड्यांनी बीटा-पत्रके वाढून ते कडक होते, असे वाचले आहे. सांध्यातील कूर्चेवर रोज भार येत असताना हा कडकपणा त्रासदायक ठरेल का, आणि तो लांबवण्यासाठी फायब्रॉइनमध्ये थोडे जिलेटिन किंवा हायल्युरोनिक आम्ल मिसळून कोणी पाहिले आहे का?