मदत हवी आहे: ई. कोलायमध्ये २'-फ्युकोसिललॅक्टोज जेमतेम बनतंय

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी आईच्या दुधातली ही साखर बनवतोय. बीएल२१(डीई३) या ई. कोलायच्या वाणातून लॅकझेड (लॅक्टोज तोडणारं जनुक) काढलं आहे (पीसीआरने तपासलं, एक्स-गॅलवर वसाहती पांढऱ्या, म्हणजे लॅकझेड चालत नाही). एका प्लाझ्मिडवर हेलिकोबॅक्टर पायलोरीचं फ्युटसी (लॅक्टोजला फ्युकोज जोडणारं विकर), दुसऱ्यावर मॅनबी, मॅनसी, जीएमडी आणि डब्ल्यूसीएजी, म्हणजे फ्युटसीचा कच्चा माल जीडीपी-फ्युकोज बनवणारी जनुकं. कार्बनसाठी ग्लिसरॉल, कारण ग्लुकोज असताना लॅक्टोज आत घेणंच मंदावतं. लॅक्टोज लिटरला ५ ग्रॅम, जनुकं चालू करायला आयपीटीजी ०.२ मिलिमोलर.

३७ अंशांना फ्युटसीचा पट्टा जेलवर ठसठशीत, पण जवळजवळ सगळा गाळात, म्हणजे न विरघळलेला. म्हणून २५ अंशांवर आलो. विद्राव्य भाग थोडा वाढला, पण टीएलसीवर (साखरा वेगळ्या करून दाखवणाऱ्या पट्टीवर) लॅक्टोजच्या खाली नुसता फिकट ठिपका. पेशी उकळून आतलाही अर्क पाहिला, तिथेही तेच.

आणि एक भानगड: २५ अंशांना कल्चर चक्क शेंबडासारखं होतं. सेंट्रिफ्यूज केलं तरी पेशी खाली नीट बसत नाहीत, वरचं ओतायला गेलं की सगळंच घसरत येतं. डब्ल्यूसीएजे (कोलॅनिक आम्ल, म्हणजे पेशीभोवतीचा चिकट साखरेचा थर, बनवायला सुरुवात करणारं जनुक) अजून शाबूत आहे, त्यामुळे जीडीपी-फ्युकोज कोलॅनिक आम्लाकडे वळतंय असा माझा संशय. थंडीत ते जास्त बनतं म्हणे, म्हणजे एक दुरुस्त करायला गेलो तर दुसरं बिघडतंय.

हाताशी आठ आठवडे आहेत. एचपीएलसी (साखर नेमकी मोजायचं यंत्र) आठवड्यातून एकदाच मिळतं, मास स्पेक नाही. नवीन जनुक मागवायला पैसे नाहीत, प्रायमरपुरते आहेत.

यात एकच काम जमेल: आधी डब्ल्यूसीएजे काढू, की फ्युटसीला विद्राव्यतेसाठी टॅग (विरघळायला मदत करणारा प्रथिनाचा तुकडा) जोडू?