ड्रायर फिरतो, गरमही होतो, पण कपडे ओलेच! मदत हवी आहे

रेवाकाठ:
दोन आठवड्यांपासून घरातला ड्रायर नीट चालत नाहीये. फिरतो, गरम होतो, वेळ संपली की टूंटूं वाजतो, आणि दार उघडावं तर कपडे ओलेच. तेच कपडे परत फिरवले तरी जीन्सचे खिसे आणि टॉवेलच्या कडा दमट राहतात. घरी सव्वा महिन्याचं बाळ आहे, आई नाशिकहून आली आहे, रोज लंगोट-दुपट्यांचा ढीग पडतो. लिंटची (कपड्यांतून सुटणाऱ्या तंतूंची) जाळी दर वेळी साफ करते, त्यामुळे कृपया तेच सांगू नका. दुरुस्तीवाले नुसतं बघायला यायचे शंभरावर डॉलर मागतात आणि तेही पुढच्या आठवड्यात. नवाच घ्यावा का? कोणता चांगला? जरा लवकर सांगा प्लीज.

शेवंती_कोथरूड:
आमचंही अगदी हेच झालं होतं. टबात कपडे कमी घाला, नीट दाबून बसवा आणि वर ती प्लास्टिकची चकती ठेवायला विसरू नका. तरी पाणी राहत असेल तर झाकणाला जोडलेली ब्रेकची तार सैल झाली असणार. ती सैल पडली की ब्रेक पूर्ण सुटत नाही आणि टब वेग घेत नाही. आमच्या मेकॅनिकने पाच मिनिटांत ओढून दिली.

धोपटमार्ग:
शेवंतीताई, तुम्ही म्हणताय तो सेमी ऑटोमॅटिकचा पिळणारा टब. त्या अमेरिकेतल्या गरम हवेच्या ड्रायरबद्दल विचारतायत.
रेवाकाठ, गॅसचा आहे की विजेचा? किती जुना? हवा बाहेर सोडणारा पाइप भिंतीतून जातो की छतावरून? एवढं कळल्याशिवाय कुणीही काहीही सांगितलं तरी तो अंदाजच.

रेवाकाठ:
गॅस की वीज ते कसं कळणार? घर घेतलं तेव्हापासून इथेच आहे. न्यू जर्सीत एडिसनला टाउनहाउस आहे. पाइप मागे जातो, पुढे कुठे जातो माहीत नाही. नवीन घ्यायचा तर कोणता, ते कुणी सांगेल का?

धोपटमार्ग:
मागे डोकावून बघा. चार पिनांचं (जुन्या घरात तीन) मोठं थोराड सॉकेट असेल तर विजेचा. टोस्टरला असतो तसा साधा प्लग आणि शेजारी गॅसची नळी, तिला छोटी तोटी असेल तर गॅसचा. नवीन घेतानाही हे आधी माहीत लागेल, नाहीतर दुकानातून चुकीचा येईल.

चिंचोका:
न्यू जर्सी म्हणजे बहुतेक गॅसचाच. कॉइल गेल्या, लिहून ठेवा. माझ्याकडे हेच झालं होतं. पहिली दहा मिनिटं गरम, मग नुसतंच फिरणं. गॅसच्या व्हॉल्व्हवर कॉइल असतात, त्या तापल्या की दगा देतात आणि व्हॉल्व्ह उघडतच नाही. खालची पट्टी काढून बघा. इग्नायटर (ज्योत पेटवणारा भाग) लाल होतो, विझतो, ज्योत पेटत नाही. वीसेक डॉलरला कॉइलचा जोड मिळतो, पाना आणि स्क्रूड्रायव्हर असला की झालं. दुरुस्तीवाल्याला एक डॉलर देऊ नका.

जुनाजाणता:
कॉइल मागवायच्या आधी एकच सांगा. कपडे निघतात ते गरम आणि ओले, की थंड आणि ओले?

रेवाकाठ:
बघितलं, साधा प्लग आणि पिवळी नळी, म्हणजे गॅसचा. कपडे गरम! हात लावता येत नाही इतके. दार उघडलं की मोदकपात्राचं झाकण काढल्यासारखी वाफ तोंडावर येते. ड्रायरचा माथाही पूर्वीपेक्षा जास्त तापतो. पॅसेजमध्ये कोंदट होतं, समोरच्या आरशावर धुकं धरतं.

जुनाजाणता:
मग कॉइल ठीक आहेत. त्या गेल्या असत्या तर शेवटी कपडे गार निघाले असते. तुमच्याकडे उष्णता तयार होतेय, दमट हवा बाहेर जात नाहीये. कपडे वाळतात ते नुसत्या उष्णतेने नाही, ओली हवा बाहेर फेकली जाऊन तिच्या जागी कोरडी हवा येते म्हणून. ती वाट बंद झाली की आतली हवा पाणी पिऊन तुडुंब होते, आणि तापमान फार वाढलं की थर्मोस्टॅट बर्नर बंद करतो. म्हणून वेळ लागतो. पाइप कुठेतरी तुंबलाय किंवा दबलाय.

चिंचोका:
पटत नाही, पण तपासायचंच असेल तर सोपं आहे. मागचा पाइप काढून ठेवा आणि पाइपाशिवाय दहा मिनिटं चालवा. कपडे वाळले तर पाइपचा दोष, नाही वाळले तर कॉइल.

जुनाजाणता:
हे अजिबात करू नका. विजेच्या ड्रायरला ही चाचणी चालते, गॅसच्या नाही. गॅसच्या ड्रायरमध्ये बर्नरचा धूर त्याच पाइपातून बाहेर जातो, त्यात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असू शकतो. त्याला वास नाही, रंग नाही. घरात तान्हं बाळ आहे.

चिंचोका:
खिडकी उघडी ठेवून पाच मिनिटांनी काय होतंय? मी स्वतः केलंय.

जुनाजाणता:
तुम्हाला काही झालं नाही याचा आनंद आहे, पण बाळाच्या घरी हा सल्ला देऊ नका. उलट रेवाकाठ, पाइप मोकळा होईपर्यंत ड्रायर आजपासून बंदच ठेवा. वाट तुंबलेली असेल तर तोच धूर पॅसेजमध्ये येत असणार. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म त्या मजल्यावर आहे का, आणि बटण दाबलं की वाजतो का, ते आत्ता उठून बघा. आगीचाही धोका आहेच. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या २०१२ च्या अहवालात घरांमधल्या ड्रायरच्या आगी वर्षाला सुमारे २,९०० धरल्या आहेत आणि साफसफाई न होणं हे त्यातलं सर्वांत मोठं कारण, ३४ टक्के.

रेवाकाठ:
अलार्म आहे, वाजला. ड्रायर बंद केला. पण मग बाळाचे कपडे कुठे वाळवू? आमची घरमालकांची असोसिएशन डेकवर दोरी बांधू देत नाही.

रानजाई:
घरातच घडीचा स्टँड उभा करून समोर पंखा लावा, डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा शोषणारं यंत्र) असेल तर तोही चालू ठेवा. पावसाळ्यात डोंबिवलीला आम्ही असंच करतो. आणि लंगोटांना ड्रायर शीट (कपडे मऊ व्हायला ड्रायरमध्ये टाकतात तो कागदासारखा तुकडा) किंवा सॉफ्टनर वापरत असाल तर बंद करा गं, कापडावर मेणचट थर बसतो आणि पाणी शोषलं जात नाही. शेवटच्या खळबळवायच्या पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घाला.

चिंचोका:
व्हिनेगरने वॉशरची रबरं खराब होतात.

रानजाई:
पाव वाटीने काही होत नाही. माझी वॉशर बरीच जुनी आहे, रबर अजून पहिलंच.

उंबरठा:
ड्रायर शीटचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. लिंटची जाळी वरून स्वच्छ दिसते पण शीटचा पारदर्शक थर तिच्यावर बसतो. नळाखाली धरून बघा. पाणी वर साचलं तर डिश सोप आणि जुन्या टूथब्रशने घासा. ड्रमच्या आत दोन धातूच्या पट्ट्या असतात, तो ओलावा मोजणारा सेन्सर. त्यावरही हाच थर बसतो. त्या स्पिरिटने पुसा. आणि वॉशरमधून कपडे निथळत तर येत नाहीत ना? तिथेच नीट पिळले जात नसतील तर ड्रायर काय करणार!

रेवाकाठ:
वॉशर छान पिळते. जाळीतून पाणी सरळ खाली गेलं. नवऱ्याने ड्रायर थोडा पुढे ओढून बघितला, मागचा चंदेरी पाइप दबलेला नाही, आत हात घातला तर मूठभरच लिंट निघालं. म्हणजे पाइप मोकळाच आहे ना?

धोपटमार्ग:
ते पहिले चार फूट. भिंतीतून पुढे किती जातो? कपडे धुवायची जागा कोणत्या मजल्यावर आहे? इथल्या घरबांधणी नियमात साधारण ३५ फूट ही मर्यादा, आणि काटकोनातल्या प्रत्येक वळणाला त्यातले पाच फूट वजा. लांब पाइप असेल तर शेवटच्या टोकाशी लिंट अडकतं. ड्रायर चालू असताना बाहेरच्या तोंडाचं झाकण उघडतं का, हे तिथे उभं राहून बघायचं असतं, पण आता ड्रायर चालवू नका. नुसतं तोंड कुठे आहे ते शोधा.

रेवाकाठ:
वरच्या मजल्यावर, बेडरूमच्या बाहेर. तोंड छतावर आहे, तिथे कोण चढणार? खालून फक्त काळी चौकोनी पेटी दिसते, सगळ्यांच्या घरावर आहे तशीच.

जुनाजाणता:
सगळ्यांच्या घरावर तशीच? छत नुकतं बदललंय का?

रेवाकाठ:
हो, एप्रिलमध्ये असोसिएशनने अख्ख्या रांगेचं नवीन केलं. त्याचा ड्रायरशी काय संबंध?

जुनाजाणता:
सगळा संबंध तिथेच आहे. माळ्याची हवा बाहेर जायला छतावर ज्या पेट्या बसवतात त्यांना आत जाळी असते, पक्षी आणि किडे येऊ नयेत म्हणून. छतवाल्यांनी ड्रायरच्या पाइपावरही तीच पेटी बसवली असेल तर लिंट त्या जाळीवर अडकत राहणार. ड्रायरच्या तोंडाला जाळी लावायची नाही असं नियमातच आहे. तिथे हवेच्या दाबाने उघडणारं आणि एरवी मिटणारं झाकण हवं. एप्रिल ते आता, तुंबायला एवढे महिने पुरतात. खालून मोबाइलने झूम करून फोटो काढा, असोसिएशनला लेखी मेल पाठवा, फोन नको. मेलमध्ये 'गॅसचा ड्रायर', 'बाहेर जायची वाट बंद' आणि 'घरात तान्हं बाळ' हे तिन्ही शब्द पहिल्याच ओळीत घाला. आणि शेजाऱ्यांना विचारा.

चिंचोका:
छतवाले एवढं साधं चुकतील असं वाटत नाही. मी अजूनही म्हणतो, कॉइल बघा.

धोपटमार्ग:
माझ्या ओळखीत एका घरी असंच झालेलं आहे. चिंचोकादादा, तुमचा इलाज तुमच्या ड्रायरला बरोबर होता, इथे लक्षणंच वेगळी आहेत.

रेवाकाठ:
शेजारच्या काकूंना विचारलं. त्यांचाही ड्रायर उन्हाळ्यापासून दीड-दीड तास घेतो, त्या म्हातारा झाला म्हणून नवीन बघत होत्या! पलीकडच्या घरीही तेच. तिघांनी मिळून मेल केली आहे.

रानजाई:
बाळाचं नाव काय ठेवलं?

रेवाकाठ:
बारसं पुढच्या रविवारी आहे, मग सांगते. :)

रेवाकाठ:
आज माणूस आला. जुनाजाणता, तुम्ही म्हणालात तेच. पेटी उघडली तर जाळीला आतून बोटभर जाड करड्या लिंटचा थर, दमट, हाताने सोलला तसा अख्खा निघाला. खालून प्रकाश दिसत नव्हता. जाळी कापून टाकली, पाइप ब्रशने झाडला. टॉवेल एका फेरीत कोरडे, आरसा स्वच्छ. तो म्हणाला झालं काम, आता पेटी अशीच राहू दे.

जुनाजाणता:
बरं वाटलं. पण अशीच राहू देऊ नका. जाळी नाही आणि झाकणही नाही म्हणजे पुढच्या वसंतात तिथे पक्षी घरटं करणार आणि पाऊस, बर्फ सरळ पाइपात. ड्रायरसाठीचीच, झाकण असलेली टोपी बसवून द्या असं त्याच मेलच्या उत्तरात लिहा, तिन्ही घरांसाठी. आणि इतका लांब पाइप वर्षातून एकदा तरी ब्रशने साफ करून घ्या.

रेवाकाठ:
लिहिते आत्ताच. रांगेतल्या बाकीच्या घरांनाही कळवते, दोन घरी म्हातारी माणसं एकटी राहतात.

शेवंती_कोथरूड:
छान झालं गं. आमचा टब मात्र परत थरथरायला लागलाय, तार ओढूनही. कुणी सांगेल का?

उंबरठा:
ताई, मशीन चारही पायांवर सारखी उभी आहे का? आणि टबाखालची रबरं कधी बदलली होती?