कम्युनिटी कॉलेजमधून आरोग्यक्षेत्राकडे: पहिल्या सेमिस्टरला केमिस्ट्री कुठली घ्यायची?

हडपसर_ते_हेवर्ड

माझ्या भाचीचं हायस्कूल यंदा संपलं. ऑगस्टपासून ती इथल्या, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या, दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजला जाणार आहे. "आरोग्याच्या क्षेत्रात काहीतरी करायचंय," एवढंच तिचं नक्की आहे. नर्स, फार्मसिस्ट, पीए (फिजिशियन असिस्टंट) की डॉक्टर, ते अजून ठरत नाहीये. रविवारी तिचे कोर्सेस लावायला जेवणाच्या टेबलाशी बसलो आणि घरात दोन तट पडले. म्हणून इथे विचारते.

माझं मत आधी सांगते. ठरलं नसेल तर तिकीट सगळ्यात लांबचं काढावं. मध्ये कुठेही उतरता येतं, पण जवळचं काढलं तर पुढे जाताना सगळं पुन्हा पहिल्यापासून.

हे मी सोसलंय. मी बीएचएमएस. त्या पदवीवर इथे यूएसएमएलईच्या, म्हणजे डॉक्टरकीच्या परवान्याच्या परीक्षेच्या, वाटेला जाता येत नाही, हे लग्न करून आल्यावर कळलं. २०१५ मध्ये एच-४ वाल्यांपैकी, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्यांपैकी, काहींना कामाचा परवाना मिळू लागला, तेव्हा मी कम्युनिटी कॉलेजात नाव घातलं. समुपदेशकाने नर्सिंगसाठीची एका सेमिस्टरची केमिस्ट्री दिली. ए मिळाला, मी खूश. वर्षभराने मन फार्मसीकडे वळलं आणि तो ए काही कामाचा राहिला नाही. कॅटलॉगमध्ये त्या कोर्सच्या वर्णनाखाली बारीक अक्षरात एक ओळ होती: विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी नाही. ती मला कोणी दाखवली नाही, मीही वाचली नाही. मग जनरल केमिस्ट्रीची दोन सेमिस्टर, त्यानंतर ऑरगॅनिकची दोन. फार्मसी झाली, पण दोन वर्षं उशिरा, आणि तेव्हा मुलगा तीन वर्षांचा होता.

ही चार सेमिस्टरं एकामागे एक बांधलेली आहेत, मागचं पास झाल्याशिवाय पुढचं घेताच येत नाही. पहिल्या सेमिस्टरला सुरुवात झाली तरच दोन वर्षांत बसतात. हायस्कूलची केमिस्ट्री कच्ची असेल तर आधी एक प्राथमिक कोर्स, म्हणजे तिथेच सहा महिने गेले. शिवाय यूसीचा (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा) ट्रान्सफरचा, म्हणजे दोन वर्षांनंतर चार वर्षांच्या विद्यापीठात जाण्याचा, अर्ज आदल्या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भरायचा असतो. त्या वेळी हातात फक्त पहिल्या वर्षाचे ग्रेड असतात. म्हणून मी तिला जनरल केमिस्ट्री, मेजरवाल्यांची, म्हणजे विज्ञानात पदवी करणाऱ्यांची, बायोलॉजी आणि गणित सांगतेय. नणंद म्हणते, एवढं ओझं कशाला, सरळ नर्सिंगचे विषय घेऊ दे.

रात्रपाळी

ताई, तुमची कळकळ पोचली, पण मी नणंदेच्या बाजूने.

मी आरएन, म्हणजे नोंदणीकृत नर्स, आहे, सेंट्रल व्हॅलीत. कम्युनिटी कॉलेजातूनच एडीएन, म्हणजे नर्सिंगची असोसिएट पदवी, केलं. आधी अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, मग प्रवेशासाठीची टीस परीक्षा, मग दोन वर्षं नर्सिंग. परवान्याची एनक्लेक्स परीक्षा एडीएनला आणि बीएसएनला (नर्सिंगच्या बॅचलर पदवीला) एकच. नवऱ्याची नोकरी गेली त्या वर्षी माझा पगार सुरू झाला होता. बीएसएन नंतर नोकरी करता करता ऑनलाइन पूर्ण केलं.

तुमचं लांबचं तिकीट ऐकायला छान आहे, पण मी म्हणते ते तीन विषय त्या गाडीच्या रुळावर नाहीतच. मेजरवाल्यांची बायोलॉजी कितीही केली तरी नर्सिंगवाले अॅनाटॉमी वेगळी मागतात. म्हणजे मधल्या स्टेशनावर उतरायचं तरी वर्षभर जादा लागणार. जनरल केमिस्ट्रीत सी आला तर तो जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, नर्सिंगच्या अर्जातही आडवा येतो. बऱ्याच कार्यक्रमांत गुणांवर निवड होते, काही ठिकाणी चक्क सोडत असते. विज्ञानाचे कोर्स पाच किंवा सात वर्षांपेक्षा जुने चालत नाहीत, असंही अनेक ठिकाणी असतं.

आणि एक मनातलं सांगते. मला नर्स व्हायचंय हे मला अॅनाटॉमीच्या लॅबमध्ये कळलं. पहिल्या आठवड्यात चौघींत एक हाडांची पेटी मिळाली. हातात कवटी, आणि कुठल्या भोकातून कुठली नस जाते ते आम्ही पाइप क्लीनर आरपार ओवून पाठ करत होतो. तीन तास कसे गेले कळलं नाही. टेबलावरच्या दोघी मुली दुसऱ्या आठवड्यात कोर्स सोडून गेल्या. त्यांनाही त्यांचं उत्तर मिळालं. अठरा वर्षांच्या मुलीला हे उत्तर लवकर मिळू द्या. ब्युरेटमधून थेंब मोजून ते मिळत नाही.

हडपसर_ते_हेवर्ड

अॅनाटॉमीचा मुद्दा मान्य, तो माझ्याकडून सुटला होता. पण तिला काम जवळून बघायचं असेल तर सीएनए (नर्सिंग सहायक) करू दे ना. कॅलिफोर्नियात ते १६० तासांचं प्रशिक्षण आहे, त्यातले १०० तास प्रत्यक्ष रुग्णांजवळ. एका उन्हाळ्यात होतं आणि केमिस्ट्रीची साखळी तुटत नाही. शिवाय बीएसएन तुम्हालाही करावं लागलंच की. कम्युनिटी कॉलेजांनाच बीएसएन देऊ द्या, असं विधेयक गव्हर्नर न्यूसम यांनी २०२४ मध्ये परत पाठवलं, म्हणजे ट्रान्सफरचा विचार तुमच्या वाटेवरही आहेच.

प्रीमेड_बाबा

दोघींनाही विरोध. डॉक्टर होण्याची दहा टक्के जरी शक्यता असेल तरी विज्ञानाचे विषय कम्युनिटी कॉलेजात करू नयेत. मेडिकलच्या अर्जात, म्हणजे अॅमकॅसमध्ये, प्रत्येक कॉलेजचं प्रत्येक मार्कलिस्ट जातं. हायस्कूलमध्ये असताना घेतलेले कॉलेजचे कोर्सही त्यात मोजतात. तोच कोर्स पुन्हा करून ए आणला तरी जुना सी पुसला जात नाही, दोन्ही धरतात. आणि काही मेडिकल कॉलेजं स्पष्ट सांगतात की पूर्वतयारीचे विषय चार वर्षांच्या विद्यापीठात केलेले बरे. माझ्या मुलाला आम्ही कर्ज काढून थेट पाठवलं. पैसा नंतर फिटतो, मार्कलिस्ट मात्र जन्मभर तीच.

ऑरगॅनिक_पास

काका, मी सध्या यूसी डेव्हिसला आहे, कम्युनिटी कॉलेजमधून आलोय आणि मेडिकलच्याच तयारीत आहे, म्हणून लिहितो.

कर्ज काढायची सगळ्यांची ताकद नसते. कम्युनिटी कॉलेजात राज्यातल्या रहिवाशाला युनिटमागे ४६ डॉलर. पाच युनिटची केमिस्ट्री २३० डॉलरला झाली. यूसीत फीच वर्षाला पंधरा हजारांच्या घरात, राहणं-खाणं वेगळं. बाबा ट्रक चालवतात, आमच्याकडे तो पर्याय नव्हता. माझ्या ऑरगॅनिकच्या वर्गात चोवीस मुलं होती. रासायनिक अभिक्रियेची पायरी लिहिताना चुकली की मॅडम स्वतः येऊन बाण कुठून निघायला हवा होता ते दाखवायच्या.

मेडिकल कॉलेजांबद्दलचं तुमचं म्हणणं अर्धं बरोबर. त्यांना बघायचं असतं की मोठ्या विद्यापीठातलं अवघड विज्ञान झेपतं का. म्हणून बायोकेमिस्ट्री, जेनेटिक्ससारखे वरचे कोर्स मी इथे येऊन केले. पाया तिकडे, वरचा मजला इकडे. कम्युनिटी कॉलेजातून डॉक्टर घडवायला डेव्हिसचा अॅव्हेन्यू-एम नावाचा कार्यक्रमच आहे, ताईंनी भाचीला जरूर दाखवावा.

ताई, तुमच्या आखणीत एक धोका दिसतो. बे एरियात डी अँझा आणि फूटहिल ही कॉलेजं क्वार्टरवर, म्हणजे साधारण तीन-तीन महिन्यांच्या सत्रांवर, चालतात, बाकी बरीचशी सेमिस्टरवर. क्वार्टरला जनरल केमिस्ट्रीचे तीन तुकडे होतात, सेमिस्टरला दोन. पहिला तुकडा एका कॉलेजात आणि पुढचा दुसरीकडे केला की जुळवणी बिघडते. माझ्या मित्राने जागा मिळेना म्हणून असं केलं आणि त्याला सगळी मालिका पुन्हा करावी लागली. मालिका जिथे सुरू केली तिथेच संपवायची. कुठला कोर्स कुठल्या यूसीत कशाच्या बदल्यात धरतात ते असिस्टच्या संकेतस्थळावर कॉलेजवार लिहिलेलं आहे. ते पान छापून समुपदेशकासमोर ठेवा, तोंडी सल्ल्यावर जाऊ नका.

टॅगची, म्हणजे अटी पूर्ण केल्यास ट्रान्सफर प्रवेशाची, खात्री सहाच यूसी देतात: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा, सँटा क्रूझ. त्यातली एकच निवडायची, अर्ज सप्टेंबरात, आणि गर्दीचे विषय वगळलेले असतात. कॅल-गेटसीची सामान्य शिक्षणाची यादी पूर्ण करायच्या नादात केमिस्ट्री मागे पडली तर विज्ञानवाल्याचं नुकसानच होतं. इतिहास नंतरही घेता येतो.

रात्रपाळी

तुझं कौतुक वाटलं रे बाळा. पण तुला डॉक्टर व्हायचंय हे तुला आधीच माहीत होतं. ताईंच्या भाचीला माहीत नाही, आणि तुम्हा दोघांत फरक तोच आहे. जिला माहीत नाही तिने केमिस्ट्री, गणित आणि बायोलॉजी तिन्ही एकदम घेतले आणि एखादा सी पडला, तर काका म्हणतात तो न पुसणारा डाग पहिल्याच सेमिस्टरला लागेल. माझ्या वॉर्डातल्या दोघी मूळच्या प्रीमेड, म्हणजे मेडिकलच्या तयारीतल्या. सी-डी घेऊन नर्सिंगकडे वळल्या आणि जीपीए वर काढण्यात दोन-दोन वर्षं घालवली. ती वर्षंही मोजा ना.

प्रीमेड_बाबा

हे मात्र मला पटलं. पहिल्या सेमिस्टरला एकच अवघड विज्ञान असावं. कोर्स जड जातोय असं दिसलं तर मुदतीच्या आत सोडावा. पहिल्या काही आठवड्यांत सोडला तर मार्कलिस्टवर डब्ल्यू, म्हणजे कोर्स सोडल्याचा शेरासुद्धा, लागत नाही.

हडपसर_ते_हेवर्ड

सगळ्यांचं भाचीला वाचून दाखवलं. हाडांच्या पेटीचं तिने दोनदा वाचायला लावलं. आत्ता असं ठरलंय: पहिल्या सेमिस्टरला जनरल केमिस्ट्री, इंग्रजी आणि स्टॅटिस्टिक्स. बायोलॉजी वसंतात. उन्हाळ्यात सीएनए. अॅनाटॉमी दुसऱ्या वर्षी, केमिस्ट्रीच्या जोडीला. रात्रपाळीताई, मी अजूनही म्हणते की नर्सिंगची केमिस्ट्री घेऊन तिने दार लावून घेऊ नये. पण तिन्ही विषय एकदम नकोत, हे तुमच्यामुळे कळलं.

काल रात्री बारापर्यंत दोघी लॅपटॉपसमोर होतो. जनरल केमिस्ट्रीचे सगळे सेक्शन भरलेत. तिचा वेटलिस्टवर सहावा नंबर आहे. नाही मिळाली तर पुन्हा साखळी सहा महिने मागे, आणि मला माझंच सगळं आठवायला लागलं.

रात्रपाळी

घाबरू नका, सहावा म्हणजे लांब नाही. प्राध्यापकांना आजच ईमेल करायला सांगा, नाव, विद्यार्थी क्रमांक आणि वेटलिस्टचा नंबर लिहून. कॉलेज बदलायचं नाही, वर डेव्हिसच्या मुलाने सांगितलंय तेच. आणि पहिल्या लॅबला वीस मिनिटं आधी तिथे जाऊन उभं राहायला सांगा, गॉगल आणि लॅब कोट घेऊन. हजेरी घेताना जे येत नाहीत त्यांच्या जागा बरेच प्राध्यापक तिथल्या तिथे वेटलिस्टवाल्यांना देतात. मला मायक्रोबायॉलॉजी तशीच मिळाली होती, माझा नंबर अकरावा होता.