मदत हवी आहे: नॉइजला स्मृती दिली की रेझोनन्सचं शिखर सरकतं

पर्मलॉयच्या (निकेल-लोखंडाचा चुंबकीय मिश्रधातू) एका गोल नॅनोकणावर फेरोमॅग्नेटिक रेझोनन्सचं (ठराविक वारंवारतेला चुंबकीकरण जोरात डोलतं, ते) सिम्युलेशन करतोय. चुंबकीकरण कसं फिरतं ते सांगणारं लँडाऊ-लिफ्शिट्झ-गिल्बर्ट समीकरण, ते पायरीपायरीने सोडवायला ह्यून पद्धत. ब्राउन यांनी १९६३ मध्ये मांडलेलं यादृच्छिक औष्णिक क्षेत्र, म्हणजे स्मृती नसलेला व्हाइट नॉइज, घेतलं तर सगळं सुरळीत: शिखर टेस्लामागे साधारण २८ गिगाहर्ट्झ. त्याच क्षेत्राला ५ पिकोसेकंदांची स्मृती दिली (ऑर्नस्टाइन-उलेनबेक नॉइज, म्हणजे आताचं मूल्य थोड्या आधीच्या मूल्यावर अवलंबून), की शिखर सरकतं, रुंदीही बदलते.

डॅम्पिंग (डोलणं शमवणारी पद) मात्र स्मृतीविना, जुनंच ठेवलंय. फ्लक्चुएशन-डिसिपेशन प्रमेयानुसार (औष्णिक धक्के आणि डॅम्पिंग यांचं नातं सांगणारं) नॉइज आणि डॅम्पिंग या दोन्हींची स्मृती जुळायला हवी ना? माझा कण बोल्ट्झमन समतोलाला (त्या तापमानाला अपेक्षित औष्णिक समतोल) पोहोचतच नाहीये असा दाट संशय आहे. सरांचं एकच, "टाइमस्टेप कमी कर." केला. ढिम्म फरक नाही!

डॅम्पिंगमध्ये स्मृती घालायची तर दर पायरीला सगळा इतिहास साठवावा लागतो, की घातांकी कर्नल (जुन्या क्षणांचा प्रभाव घातांकी दराने ओसरतो असं स्मृतीचं फलन) असेल तर एखादं जादा चल घेऊन भागतं? कुणी केलंय का?