माझगावची इस्रायली शाळा

मुंबईतील माझगावची ज्यू शाळा सर एली कदुरी यांनी स्थापन केली, असे म्हटले जाते. त्यास थोडी पुरवणी जोडतो. बगदादी ज्यू असलेल्या कदुरींच्या देणगीमुळे शाळेला त्यांचे नाव पुढे मिळाले, परंतु तिचा पाया १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी घातला. कोकणातून मुंबईत आलेल्या बेने इस्रायल या ज्यू समाजातील कुटुंबांची घरची भाषा मराठीच असल्याने, मुलांना मराठीतून शिक्षण आणि जोडीला हिब्रूचे धडे अशी तिची घडण झाली, आणि तिचे खरे मोठेपण मला त्यातच दिसते. रिबेका रूबेन यांचा उल्लेख तर व्हायलाच हवा: मॅट्रिकला चमकलेल्या या विदुषीने अनेक वर्षे मुख्याध्यापिकापद सांभाळले. स्वातंत्र्यानंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली आणि वर्ग इतरधर्मीय मुलांनी भरले.