मदत हवी आहे: आठवीतल्या मुलाची हजेरी ६८ टक्के, शाळेनं हमीपत्र मागितलंय

मंडळी, घाईत लिहितेय, शनिवारी शाळेत बोलावलंय.

मुलगा डिचोली तालुक्यातल्या एका अनुदानित हायस्कुलात आठवीला आहे. चवथीची (गणपतीची) सुट्टी संपली आणि वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक पीडीएफ येऊन पडली. हजेरी कमी असलेल्या मुलांची यादी, नावासकट, टक्केवारीसकट, काही ओळी पिवळ्या केलेल्या. आमचं नाव पिवळ्यात, ६८ टक्के. खाली सूचना: पालकांनी येऊन हमीपत्र लिहून द्यावं, की यापुढे मुलगा गैरहजर राहणार नाही आणि राहिलाच तर परीक्षेला बसू दिलं नाही तरी आमची हरकत नसेल. पाच मिनिटांत जावेचा फोन, 'काय गं, पोर शाळेत जात नाही म्हणे?'

त्याआधी शाळेकडून ना फोन, ना कॅलेंडरात एक ओळ. (गोव्याबाहेरच्यांसाठी: शाळेची डायरी म्हणजे आमचं कॅलेंडर. मागे गैरहजेरीची पानं असतात, तारीख, कारण, पालकाची सही, टीचरची सही.) ती पानं मी नेमानं भरते. पावसाळ्यात तापानं पडला होता त्याचं सर्टिफिकेटही दिलंय. पण माझी पानं आणि त्यांचे ६८ टक्के यांचा मेळच बसत नाही. मी स्वतः डबा हातात देऊन त्याला बालरथात (शाळेच्या बसमध्ये) चढवते की रोज!

दुसरी गोष्ट मला जास्त खातेय. हल्ली सकाळी पोटात दुखतं म्हणतो. आंघोळ होते, युनिफॉर्म चढतो, आणि बूट घालायच्या वेळी पायरीवर बसून राहतो. दहा वाजता ठणठणीत. डॉक्टरांना दाखवलं, काही निघालं नाही. सासूबाई दृष्ट काढतात, नवरा म्हणतो नाटकं.

चौथीपर्यंत गावच्या सरकारी मराठी शाळेत होता. तिथं एक दिवस गेला नाही तर मधल्या सुट्टीतच बाई शेजारच्या पोराकरवी निरोप धाडायच्या. हायस्कुलात एवढ्या मुलांत तसं कुणी करणार नाही, मान्य. पण थेट यादीच?

हमीपत्र द्यावंच लागतं का? आठवीच्या मुलाला परीक्षेला बसू न देणं चालतं का? हजेरीपट बघायला मागता येतो का? आणि त्या पोटदुखीचं काय करू?

निवृत्त मास्तर

ताई, आधी सत्तरी तालुक्यात आणि मग फोंड्यात नोकरी झाली, हजेरीपट भरण्यात हयात गेली. तेव्हा तिथूनच सुरुवात करतो.

हजेरी पहिल्या तासाला होते. नावं हाकारायची, ओ देईल त्याच्या चौकोनात तिरकी रेघ, नसेल त्याचा 'गै'. मधल्या सुट्टीनंतर पुन्हा एकदा, उलट बाजूची रेघ. म्हणजे दिवसभर बसलेल्या मुलाची फुली पुरी होते. सकाळचा आकडा लगेच ऑफिसात जातो, कारण आठवीपर्यंत मध्यान्ह आहार आहे आणि पावभाजी किती वाटायची ते त्यावर ठरतं. उशिरा आलेल्या पोराचा 'गै' दुरुस्त करायला हवा, पण खाडाखोड तपासणीत डोळ्यांत येते, म्हणून आमच्यातले बरेच जण तो तसाच ठेवायचे. बालरथ शाळेत कितीला पोचतो ते आधी बघा.

कायद्याचं म्हणाल तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात कलम १६ आहे, त्यानुसार आठवी पुरी होईस्तोवर मुलाला शाळेतून काढता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं पाचवी-आठवीला मागे ठेवायची मुभा राज्यांना मिळाली, पण ती परीक्षेत नापास झालेल्यांसाठी, तीही दोन महिन्यांत पुन्हा परीक्षा देऊन झाल्यावर. हजेरीवरून नव्हे. कलम २४ तर शिक्षकालाच बांधतं: पालकांना नियमित भेटून मुलाच्या हजेरीबद्दल सांगणं हे त्याचं कर्तव्य आहे. ७५ टक्क्यांचा आकडा जो तो तोंडावर फेकतो, तो सीबीएसईच्या दहावी-बारावीला परीक्षेस बसण्यासाठीचा.

हमीपत्रावर सही करू नका. 'मुलाच्या नावासमोरच्या नोंदी दाखवाव्यात' असा साधा अर्ज द्या आणि प्रतीवर आवक शिक्का घ्या. आवाज चढवू नका. वर्गशिक्षकाच्या डोक्यावर इतर कामं किती असतात ते मलाही ठाऊक आहे.

पोपटी शर्ट

लिहून द्या की दोन ओळी. उगाच शाळेशी वाकडं कशाला? पोराला अजून दोन वर्षं तिथेच काढायची आहेत.

धागाकर्ती

@पोपटी शर्ट, त्या दोन ओळींत माझीच सही असेल की मुलगा विनाकारण बुडवतो. ते कबूल नाही.

स्विंडनकर

वहिनी, मूळचा मीही डिचोलीकडचाच, आता पोरं इथं इंग्लंडात शिकतात. मास्तरांनी सांगितलं तसंच इथंही सकाळ-दुपार दोन सत्रं मोजतात. पण उशिराला वेगळं अक्षर आहे. रजिस्टर बंद व्हायच्या आत आलं तर 'एल', ते हजेरीत धरतात. बंद झाल्यावर आलं तर 'यू', ती गैरहजेरी. तरी पोर आलं होतं एवढं कागदावर राहतं. न कळवता आलं नाही तर पहिल्याच दिवशी फोन. दहा टक्के सत्रं बुडली की, आजारानं का असेना, नाव सतत गैरहजर राहणाऱ्यांत जातं.

इथलं सगळं गोड आहे असं समजू नका. ऑगस्ट २०२४ पासून देशभर एकच दंड आहे: विनापरवाना गैरहजेरी दहा शालेय आठवड्यांत दहा सत्रं झाली की तो लागू शकतो. ८० पौंड, २१ दिवसांत नाही भरला तर १६०, आणि आईला वेगळा, बापाला वेगळा. पोरांना चवथीला गावी आणायचं तर आधी ते गणित मांडावं लागतं.

आवळी

मी शाळांमध्ये समुपदेशनाचं काम करते. टक्केवारी बाजूला ठेवा. कावीळ होऊन तीन आठवडे पडलेला मुलगा आणि दर मंगळवारी बुडणारा मुलगा टक्क्यांत सारखेच दिसतात, आणि काळजी दुसऱ्याची करायची असते. कॅलेंडर आणि टाइमटेबल शेजारी ठेवून बघा: कुठला वार, कुठला पहिला तास, कोण टीचर. सुट्टीच्या दिवशी पोट दुखतं का?

दुखणं खोटं धरू नका, त्याला खरंच दुखत असतं. त्याचबरोबर घरी राहिला तर मोबाइल नाही, टीव्ही नाही. दहाला बरं वाटलं तर दहाला सोडून या, अर्धा दिवस का होईना. जितकं जास्त घरी, तितकं परत जाणं जड. गोवा शिक्षण विकास महामंडळाचे समुपदेशक बऱ्याच शाळांत येतात, तुमच्याकडे कुठल्या वारी येतात ते शनिवारी विचारा. मध्येच बोलावंसं वाटलं तर टेलि-मानसचा (सरकारची मानसिक आरोग्याची फोनसेवा) १४४१६ मोफत आहे. वाढलंच तर बांबोळीला मानसोपचार संस्था आहे, तिथं जायला लाजू नका.

धागाकर्ती

आवळीताई, काल रात्री दोघांनी बसून वार लावले. मंगळवार आणि शुक्रवार. दोन्ही दिवशी पहिला तास गणित. रविवारी पोट दुखत नाही.

आमचा बालरथ दोन फेऱ्या मारतो आणि आमचा थांबा दुसऱ्या फेरीत. पाऊस असला की पोचेपर्यंत हजेरी होऊन गेलेली असते. इतर टीचर आत घेतात. गणिताला उशिरा आलेल्यांना तास संपेपर्यंत दाराबाहेर उभं करतात, पुढच्या वर्गातल्या मुली येता-जाता हसतात. हे त्यानं बुटाची नाडी सोडताना, मान वर न करता सांगितलं. शेवटी म्हणाला, "आत जाऊन बसलो तरी गैच असतो, मग जाऊ कशाला?" नवरा गप्प बसला.

निवृत्त मास्तर

मग अर्जात आणखी दोन मागण्या घाला. बालरथामुळे उशीर झालेल्या मुलांची हजेरी मधल्या सुट्टीआधी दुरुस्त करावी, आणि त्यांना बाहेर उभं करणं थांबवावं. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला कलम १७ नं बंदी आहे, पण कलमाचा आकडा पहिल्याच भेटीत काढू नका, खिशात असू द्या. यादी ग्रुपवरून काढायलाही सांगा. त्याच थांब्यावरच्या दोन-तीन आयांना बरोबर घेऊन गेलात तर हेडमास्तर ऐकतील. एकटीचं ऐकत नाहीत, असा माझा अनुभव आहे, आणि टेबलाच्या त्या बाजूला मीही बसलोय.

धागाकर्ती

दोघी तयार झाल्या. एकीच्या मुलीचं नावही पिवळ्यात आहे. बालरथाचा ड्रायव्हर म्हणाला, शाळेत पोचल्याची वेळ तो रोज वहीत लिहितो, पानांचे फोटो काढून देतो. शनिवारी अकराची वेळ दिलीय. झालं की इथेच लिहिते.